रेबको टेप, उष्णता आणि ऑक्सिजन: धुळ्यात राहून केलेल्या जॉइंटच्या कामाचा अनुभव

मार्च 2025 मध्ये माझा रिपोर्ट सबमिट झाला, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर सीएची सही झाली आणि ग्रँटची फाईल एकदाची बंद झाली. हाय टेम्परेचर सुपरकंडक्टिंग टेपवर, म्हणजे पुरेशी थंड केली की वीज जराही न अडवणाऱ्या रेबको टेपवर, काम करायचं ठरवलं तेव्हा छोट्या कॉलेजात हे नेमकं कसं करायचं असं सांगणारं मला कुठेच काही सापडलं नव्हतं. पेपरमध्ये "सॅम्पल ऑक्सिजनमध्ये अ‍ॅनील केलं" (म्हणजे तापवत ठेवलं) एवढं एका ओळीत उरकलेलं असतं, पण तो सिलिंडर कोण देणार, नायट्रोजन कुठून आणायचा, लाईट गेली तर काय, हे कोणी लिहीत नाही. म्हणून सुरुवातीपासून लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोग होईल.

एमएस्सीला आम्ही वायबीसीओची गोळी केली होती. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड खलात घोटायचं, 900 च्या वर भाजायचं, परत घोटायचं, गोळी दाबायची, 940 ला सिंटर करायची, म्हणजे भाजून घट्ट करायची, आणि शेवटी ऑक्सिजनमध्ये 450-500 अंशाला ठेवून हळूहळू थंड करायची. 1987 मध्ये सापडलेलं हे मटेरियल, साधारण 93 केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं आणि लिक्विड नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, त्यामुळे कॉलेजातही दाखवता येतं. गोळीवर मॅग्नेट तरंगला तेव्हा आख्खा वर्ग टेबलाभोवती जमला होता. पण त्याच मटेरियलपासून आता टेप करतात आणि ती टेप गुंडाळून मॅग्नेट बनवतात, हे मला पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये नीट कळलं आणि सरांनी सांगितलं की गोळ्या पुष्कळ झाल्या, जॉइंटकडे बघ, कारण टेप काही हव्या तितक्या लांबीची मिळत नाही, कुठेतरी जोडावीच लागते आणि जोडताना तापवावी लागते.

प्रपोजल ऑगस्ट 2022 मध्ये टाकलं, मंजुरी जानेवारी 2023 ला आली. मग खरेदी. टेप बनवणाऱ्या कंपन्या सगळ्या बाहेरच्या, त्यांना आपल्यासारख्या दहा-वीस मीटरच्या ऑर्डरमध्ये फारसा रस नसतो, पण संस्थेच्या लेटरहेडवर मेल केला आणि शैक्षणिक वापर असं स्पष्ट लिहिलं की उत्तर येतं. मी 4 मिलिमीटर रुंदीची टेप मागवली, निम्मी तांब्याचा मुलामा असलेली आणि निम्मी फक्त सिल्व्हर असलेली. हे दोन प्रकार वेगळे मागवणं फार महत्त्वाचं, का ते पुढे सांगते. तीन कोटेशन लागतात, तीन मिळाली नाहीत तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (ही वस्तू हीच कंपनी बनवते असा दाखला) आणि परचेस कमिटीचा ठराव लागतो. संस्थेची डीएसआयआरकडे (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाकडे) नोंदणी असेल तर कस्टम ड्यूटीत सवलत मिळू शकते, तो कागद ऑर्डर द्यायच्या आधीच काढून ठेवा, पार्सल येऊन पडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. क्लिअरन्सच्या वेळी इनव्हॉइसवरचा "सिल्व्हर" शब्द बघून मौल्यवान धातू आहे का अशी विचारणा आली. मग चांदीचा थर फक्त एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे आख्ख्या टेपमध्ये एक-दोन ग्रॅम, असा हिशोब मांडून सरांच्या सहीचं पत्र दिलं. सप्टेंबर 2023 ला टेप हातात आली. सगळं धरून लाखाच्या जवळपास गेले.

आता टेपमध्ये असतं काय ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सगळ्यात खाली हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूची पट्टी, साधारण 50 मायक्रॉन. तिच्यावर ऑक्साइडचे बफर थर, त्यांचं काम म्हणजे वरच्या स्फटिकांना एका दिशेत लावून देणं. मग रेबको, म्हणजे वायबीसीओचंच घराणं, यिट्रियमच्या जागी गॅडोलिनियम वगैरेही चालतं, आणि हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. वर सिल्व्हर, आणि बाहेरून तांबं. शंभरावर अँपिअर करंट वाहतो तो या एक-दोन मायक्रॉनमधून! बाकी सगळं त्याला सांभाळायला.

आणि त्या थराचा जीव आहे ऑक्सिजनमध्ये. रासायनिक सूत्रात ऑक्सिजनच्या अणूंचा आकडा सातच्या जवळ असेल तर 90 केल्विनच्या वर सुपरकंडक्टर, साडेसहाच्या आसपास आला की 60 केल्विन, सहाकडे गेला की चक्क इन्सुलेटर. म्हणजे टेपमधून थोडासा ऑक्सिजन निघून गेला तरी 77 केल्विनला ती मेल्यासारखी वाटते, खरं तर ती 60 केल्विनला अजून सुपरकंडक्टर असते, आपल्या नायट्रोजनमध्ये ते दिसत नाही एवढंच. ही गोष्ट समजली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण मग बिघडलेली टेप परत आणता येईल का हा प्रश्न विचारण्यासारखा झाला.

लिक्विड नायट्रोजनसाठी मी आधी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटले. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे कंटेनर गावोगाव फिरतात, त्यामुळे गाडी कोणत्या वारी येते, कंटेनरमध्ये किती दिवस टिकतो, मे महिन्यात किती लवकर उडतो, याची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नाही. त्यांनी नाशिकच्या पुरवठादाराचा रूट सांगितला आणि आग्रा रोडने धुळ्याला येणाऱ्या गाडीतून आमचाही 30 लिटरचा ड्यूअर (थर्मासासारखं भांडं) भरून यायला लागला. वाहतूक धरून लिटरला ऐंशी रुपयांच्या आसपास पडायचं. तारीख चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, त्यामुळे सॅम्पल आधी तयार ठेवायचे आणि ड्यूअर आला की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळी मोजणी उरकायची. खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा, झाकण कधीही घट्ट बसवू नका, हे पहिल्या दिवसापासून पाळा.

मोजणी म्हणजे क्रिटिकल करंट, टेप सुपरकंडक्टर राहून जास्तीत जास्त किती करंट वाहून नेते तो आकडा. टेपच्या दोन टोकांना करंट द्यायचा, मध्ये 5 सेंटिमीटर अंतरावर दोन व्होल्टेजच्या तारा लावायच्या आणि सेंटिमीटरला 1 मायक्रोव्होल्ट, म्हणजे माझ्या बाबतीत 5 मायक्रोव्होल्ट दिसले की तिथला करंट लिहायचा. तारा पिळून घ्यायच्या, आणि करंट उलटा करून परत मोजायचं, म्हणजे जोडांच्या तापमानातल्या फरकामुळे येणारं व्होल्टेज वजा होतं. 200 अँपिअरचा कमी रिपलचा (करंट फारसा वरखाली न होणारा) सप्लाय आमच्याकडे नव्हता, तो दुसऱ्या संस्थेतून काही महिन्यांसाठी मिळवला, दोन्ही प्राचार्यांची पत्रं, गेटपास आणि इन्शुरन्स करून. एक मात्र कायम लक्षात ठेवा, फक्त सिल्व्हरच्या टेपला तांब्याचा आधार नसतो, करंट मर्यादेच्या वर गेला की ती क्षणात जळते, तेव्हा व्होल्टेज थोडं वर गेलं की सप्लाय आपोआप बंद होईल अशी ट्रिप लावल्याशिवाय सुरूच करू नका.

जानेवारी 2024 पासून तापवायला घेतलं. साधा प्रश्न होता, सोल्डरिंगची उष्णता टेपला किती सोसते. तांब्याच्या टेपचे तुकडे हवेत 200, 250, 300 अंशाला वेगवेगळ्या वेळा ठेवायचे, थंड करायचे, मोजायचे. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेपला चिकटूनच हवं, फर्नेसच्या डिस्प्लेवर विसंबायचं नाही, दोघांत सहज वीस अंशांचा फरक असतो. 200 ला काही मिनिटं ठेवलेल्या तुकड्यात मीटरला फरकच दिसला नाही. 250 ला अर्धा तास ठेवल्यावर उतार दिसायला लागला. 300 ला तर करंट निम्म्याखाली घसरला. ग्राफ काढला तेव्हा पटलं की नुसतं "इतक्या अंशापर्यंत चालतं" हे वाक्य अर्धवट आहे, किती अंश आणि किती वेळ हे दोन्ही मिळूनच सांगायला हवं, कारण तापमान थोडं वाढलं तरी ऑक्सिजन निसटायचा वेग अनेक पटींनी वाढतो. शिवाय चांदीमधून ऑक्सिजन आरपार जाऊ शकतो, आणि बाहेर तांबं असेल तर ते त्याला धरून ऑक्साइड करून बसतं, मग तो परत कसला येतो.

त्यामुळे सोल्डर निवडताना आता मी आधी वितळबिंदू बघते. इंडियम-टिन 118 अंशाला वितळतं, ते सगळ्यात निर्धास्त पण महाग. साधं टिन-लेड 183 ला. फक्त सिल्व्हरच्या टेपवर साधं टिन-लेड वापरू नका, ते चांदीचा पातळ थर स्वतःत विरघळवून घेतं, त्याऐवजी 2 टक्के चांदी असलेलं टिन-लेड घ्या, ते 179 ला वितळतं आणि टेपवरची चांदी फार खात नाही. शिसं नसलेलं हल्लीचं टिन-सिल्व्हर-कॉपर 217 च्या आसपास, म्हणजे काम 240 च्या पुढे जातं, तिथे हात भरभर चालवावा लागतो. फ्लक्स रोझिनचा घ्या, अ‍ॅसिडचा नको.

5 सेंटिमीटर एकावर एक ठेवून, क्लॅम्पमध्ये सारखा दाब देऊन केलेल्या सोल्डर जॉइंटचा रेझिस्टन्स 40 नॅनोओहमच्या आसपास आला. 100 अँपिअरला त्यात अर्धा मिलिवॉटसुद्धा उष्णता होत नाही, केबल किंवा मोटरसाठी उत्तमच म्हणायचं. पण एमआरआयसारख्या मॅग्नेटमध्ये करंट एकदा सोडून सप्लाय काढून टाकतात, तिथे करंट आपोआप फिरत राहायला हवा. समजा मॅग्नेटचं इंडक्टन्स 1 हेन्री आहे आणि त्यात माझा एकच जॉइंट आहे, तर तासाला करंट दहा लाखांत सुमारे दीडशे भागांनी उतरेल, आणि तिथे चालतो तो उतार दहा लाखांत एका भागाचा दहावा हिस्सा. हजारपटीहून जास्त फरक. हा हिशोब वहीत केला त्या दिवशी कळलं की सोल्डर कितीही सुबक केलं तरी तिथे पोचणार नाही, रेबकोला रेबकोच भिडवावा लागेल.

एप्रिल-मे मध्ये धुळ्यात दुपारी लॅबमध्ये उभं राहवत नाही आणि नायट्रोजनही भराभर उडतो, त्यामुळे तेव्हा मोजणी बंद ठेवून ऑक्सिजनची तयारी केली. ट्यूब फर्नेस होती, क्वार्ट्झची नळी बदलली, सहा हजार. इंडस्ट्रियल ऑक्सिजनचा सिलिंडर एमआयडीसीतल्या डीलरकडून, डिपॉझिट आठ हजार आणि रिफिल सातशेच्या आसपास, त्यासाठी कॉलेजचं पत्र आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला आहे असा फोटो द्यावा लागला. रेग्युलेटरला, थ्रेडला, हाताला तेल किंवा ग्रीस अजिबात नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस पेट घेतं, यात हयगय नाही.

पहिला प्रयोग मुद्दाम बिघडवून दुरुस्त करायचा. सिल्व्हरच्या टेपचा तुकडा नायट्रोजनच्या प्रवाहात 450 ला काही तास ठेवला, ऑक्सिजन निघून गेला, 77 केल्विनला करंट शून्य. मग तोच तुकडा ऑक्सिजनमध्ये 450 ला ठेवला आणि हळूहळू थंड केला. जुलैत लिक्विड नायट्रोजन आल्यावर मोजला, करंट बहुतांश परत आला होता. मी तो ग्राफ सरांना फोनवर पाठवला आणि सर जेवण अर्धवट ठेवून लॅबला आले! तांब्याच्या टेपचं मात्र असं होत नाही, 450 ला ऑक्सिजनमध्ये तांबं काळं पडून त्याचे पोपडे निघतात, आत काय चाललंय ते बघायचीही सोय राहत नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं, दोन्ही प्रकारच्या टेप मागवा.

हळू थंड का करायचं तेही सांगते, कारण मला हे बरेच दिवस नीट उलगडत नव्हतं. तापमान जास्त असेल तेव्हा ऑक्सिजन स्फटिकात पटकन फिरतो, पण तिथे मुक्कामाला थोडाच राहतो. तापमान कमी असेल तर भरपूर राहू शकतो, पण आत शिरायलाच खूप वेळ घेतो. म्हणून 500 पासून सुरू करून 400, 350 असं रेंगाळत खाली यायचं, म्हणजे दोन्हीचा फायदा मिळतो. एकदम बाहेर काढलं तर वरच्या तापमानाचा कमी ऑक्सिजनच आत अडकून राहतो. पावसाळ्यात लाईट गेली की नेमकं हेच होतं, फर्नेस आपल्या गतीने थंड होते आणि रन वाया जातो. आम्ही शेवटी कंट्रोलर छोट्या यूपीएसवर घेतला, कारण हीटरला यूपीएस परवडत नाही, पण कंट्रोलर चालू राहिला की लाईट आल्यावर प्रोग्रॅम सोडला तिथून पुढे तरी जातो, आणि किती वेळ गेली होती त्याची नोंद राहते. लांब रन रात्री लावा, विजेचा दाब रात्री स्थिर असतो.

ऑक्टोबर 2024 पासून खरं काम, सिल्व्हरला सिल्व्हर भिडवून केलेला डिफ्यूजन जॉइंट. दोन टेपच्या चांदीच्या बाजू समोरासमोर ठेवायच्या, दाबायच्या आणि ऑक्सिजनमध्येच 450 ला तापवायचं, म्हणजे दोन्ही चांदीचे थर एकजीव होतात आणि रेबकोचा ऑक्सिजनही टिकतो. दाबायला जिग, म्हणजे पकडून दाबणारा साचा, हवा. एमआयडीसीतल्या लेथवाल्या आप्पांकडे 310 स्टेनलेसचे दोन ठोकळे आणि चार बोल्ट असं चित्र घेऊन गेले. आप्पांनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, हाई कितलं तपी?" 500 म्हटल्यावर ते म्हणाले बोल्ट जाम होणार, आणि झालेच. ग्रीस लावता येत नाही, त्यामुळे त्यांनी आटे थोडे सैल काढून दिले आणि नट दर रनला बदलायचे ठरवले. साडेतीन हजारात जिग झाला. टेप ठोकळ्याला चिकटू नये म्हणून मध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा ठेवायचा.

सुरुवातीच्या जॉइंटमध्ये रेझिस्टन्स छान उतरला, सोल्डरच्या निम्म्याहून कमी, पण जॉइंटच्या भागात क्रिटिकल करंट मूळ टेपपेक्षा कमीच यायचा. तापवायचे तास वाढवले तसा तो सुधारत गेला. कारण शोधताना डिफ्यूजनबद्दल, म्हणजे ऑक्सिजन स्फटिकात कसा पसरतो त्याबद्दल, वाचलं आणि मग सगळं जुळलं. रेबकोच्या थरांना समांतर ऑक्सिजन भरकन पळतो, थर ओलांडून पलीकडे जायला मात्र हजारो पट जास्त वेळ घेतो, केळीच्या खांबात सोपटांच्या लांबीने पाणी जातं पण सोपटं भेदून जात नाही, तसंच. टेपमध्ये हे थर आडवे पसरलेले असतात. एकट्या टेपवर वरून चांदी असते, त्यातून ऑक्सिजन येतो आणि दोषांच्या फटींतून आत शिरतो. पण दोन टेप तोंडाला तोंड लावून दाबल्या की दोन्ही बाजूंना हॅस्टेलॉय येतं, त्यातून ऑक्सिजन येत नाही, वाट उरते ती फक्त कडांची, आणि तिथून मधोमध पोचायला 2 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण एक-दोन मायक्रॉनच्या मानाने ते प्रचंड अंतर आहे.

म्हणूनच रेबकोला रेबको वितळवून जोडणाऱ्यांचं काम किती अवघड आहे ते आता कळतं. तिथे 800 च्या वर जावं लागतं, सगळा ऑक्सिजन निघून जातो आणि मग परत भरायला कोरियातल्या गटाने 2014 मध्ये शेकडो तास ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तेही टेपला बारीक छिद्रं पाडून त्याला आत यायला वाटा करून दिल्यावर. जपानमध्ये 2018 ला असे सुपरकंडक्टिंग जॉइंट वापरून 400 मेगाहर्ट्झचा एनएमआर (रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राचा) मॅग्नेट सप्लायशिवाय चालवून दाखवला. माझ्या मते या विषयात जोडण्यापेक्षा जोडल्यानंतर ऑक्सिजनला वाट करून देणं हाच मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्याकडच्या साध्या फर्नेसवरही करण्यासारखं बरंच काही आहे. वेगवेगळ्या रुंदीचे जॉइंट, वेगवेगळे तास, कडेकडेने केलेल्या खाचा, याला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही.

नायट्रोजनमधून बाहेर काढलेल्या सॅम्पलवर हवेतलं पाणी जमतं आणि कापलेल्या टोकातून ओलावा शिरला की रेबको खराब होतो. सॅम्पल लगेच कोमट हवेने वाळवा आणि सिलिका जेल असलेल्या डब्यात ठेवा. कापायला धारदार कात्री, हॅस्टेलॉयची बाजू कुठली ते आधी ओळखून, मार्करने खूण करून. जॉइंट सोलून बघायचा मोह आवरा, टेपचे थर एकमेकांपासून ओढले की फार सहज सुटतात, मग बिघाड तापवल्याने झाला की ओढल्याने ते सांगता येत नाही. आणि प्रत्येक तुकड्याला तापवायच्या आधी मोजा, कारण एकाच टेपमध्येही जागोजागी करंट थोडा वेगळा असतो.

रिपोर्टसाठी फेब्रुवारीत बसले तेव्हा वहीत प्रत्येक रनची तारीख, लाईट गेल्याची वेळ आणि सिलिंडरचा दाब लिहिलेला होता, त्यामुळे कमिटीच्या प्रश्नांना उत्तरं देता आली. खर्चाची बिलं मूळ प्रतीतच मागतात, थर्मल पेपरवरची बिलं वर्षभरात कोरी होतात, आली त्या दिवशी झेरॉक्स काढून प्राचार्यांची सही घेऊन ठेवा. जिगचं चित्र आणि करंट काढायची एक्सेल शीट कोणाला हवी असेल तर नक्की देईन. उरलेल्या टेपचे तुकडे पुढच्या बॅचच्या मुलांसाठी राखून ठेवलेत, कडेला खाचा पाडून तास किती कमी होतात ते त्यांना बघायचंय, जूनमध्ये फर्नेस परत लावतोय.